वाघ्या भुंकला नाही



आपले गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही चाकणच्या बाजूला राहता. तुमच्याकडे घरात साप निघतो, वाटेवर वाघ भेटतो. वर्गात त्यावर चार शब्द बोला." मी काही शिकलेला प्राणितज्ज्ञ नव्हे. सारी उमर भोसरीच्या कारखान्यात लेथवर गेली. जे पाहिले ते सांगतो. जे जाणत्यांकडून कळले तेही सांगतो.

आधी सापाचे. आमच्या चाळीत दहा खोल्या. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते. उंदीर घरात येतात, आणि उंदरांमागे साप येतो. तो काही आपल्याला चावायला येत नाही, बरं का. त्याला आपले नावगावही ठाऊक नसते.

एकदा सून ओरडली. गॅसच्या टाकीमागे साप! अंग काळपट, त्यावर पांढरे पट्टे. "मण्यार! मण्यार!" म्हणत शेजारी काठ्या घेऊन धावले. मी म्हटले, "थांबा. त्याच्यावर नजर ठेवा, जवळ जाऊ नका." सर्पमित्र आला. त्याने साप बरणीत घेतला आणि हसून म्हणाला, "मामा, हा कवड्या. बिनविषारी."

त्याने खूण सांगितली. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलटे. तिचे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट. पण ही खूण सर्पमित्राच्या कामाची. आपण ती पाहायला वाकू नये.

दुसऱ्या वर्षी मात्र खरी मण्यार आली. शेवटच्या खोलीत मराठवाड्यातली चार पोरे राहात. सारी जमिनीवर चटई टाकून झोपत. रात्री दोनच्या सुमारास एकाच्या पोटात कळ उठली. सर्वांना वाटले, खानावळीचे अन्न बाधले. मण्यारीचे दात इतके बारीक, की झोपेत चावा कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. थोड्या वेळाने पोराच्या पापण्या मिटू लागल्या. "डोळे उघड" म्हटले तरी उघडेनात. तेव्हा कोणी कडुनिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागला तर विष नाही, म्हणे! कोणी मांत्रिकाला फोन लावला. या खटाटोपात दीड तास गेला. त्या दीड तासात मीही तिथेच उभा होतो, आणि गप्प होतो. ते मला अजून बोचते.

शेवटी टेम्पोतून इस्पितळ गाठले. सर्पविषावरचे औषध मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्था घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. ते त्याला दिले. श्वास बंद पडत होता म्हणून दोन दिवस यंत्रावर ठेवले. पोरगा वाचला. आता तो खाटेवर झोपतो, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचतो. 108 हा आकडा त्याने खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे. रुग्णवाहिकेचा आकडा. वाचायला शिकलेल्या माणसाने पहिल्यांदा असले आकडे वाचावेत.

आता वाघाचे. पट्ट्यांचा वाघ आमच्याकडे नाही. पण खेड-जुन्नरकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. आणि गंमत पाहा, माझ्या कुत्र्याचे नाव वाघ्या!

मार्गशीर्षातली थंडी होती. पहाटे साडेपाचला मी वाघ्याला घेऊन निघालो. आमच्या वाटेच्या एका अंगाला कारखान्याची भिंत, तिच्यावर लखलखीत दिवे. दुसऱ्या अंगाला ऊस. एरवी प्रत्येक स्कूटरवर भुंकणारा वाघ्या एकदम थबकला. शेपूट पायांत घातली आणि माझ्या पोटरीला चिकटला. भुंकला नाही. मी बॅटरी मारली. तीसेक पावलांवर बांधावर दोन डोळे चमकले. वाटले, दुसरे कुत्रे असेल. मग मागे लांब शेपटी हलली.

पळावेसे वाटले, खोटे कशाला सांगू? पण एका धनगराने पूर्वी सांगितले होते, "पळू नको, वाकू नको, पाठ दावू नको." वाघ्याला उचलून छातीशी धरले आणि मागे मागे सरकू लागलो. मोठ्याने बोलावे म्हणतात. पण तोंडात शब्द कुठला? चाकणच्या कांदाबाजारात हमाल ओरडतात तसा ओरडत सुटलो, "अहो, बाजूला व्हा! बाजूला व्हा!" बिबट्या उठला, आळस दिला आणि उसात गेला.

घरी आलो तर चहाची कपबशी हातात धरवेना. बायको म्हणाली, "तुमचं ठीक आहे हो. सूनबाई रोज सहाच्या बसला त्याच वाटेनं जाते."

वाडीची बैठक भरली. सगळ्यांचे एकच म्हणणे, पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा. मलाही ते पटले होते. पण वनखात्याच्या माणसाने जुन्नरची हकिकत सांगितली. तिथे 2001 पासून बरेच बिबटे धरून दुसरीकडे सोडले. विद्या अत्रेय या अभ्यासक बाईंनी हिशेब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. ते नंतर 17 वर गेले! धरलेले जनावर बिथरते, अनोळखी मुलखात भटकते. रिकाम्या जागी दुसरे येते. 2009 साली माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला होता.

"मग तो इथे येतोच कशाला?" कोणी विचारले. उसात लपायला जागा आहे, म्हणून. आणि खायला कुत्री आहेत. याच बाईंनी व त्यांच्या सोबत्यांनी अकोल्याच्या शेतीभागात बिबट्यांची विष्ठा तपासली. भक्ष्याच्या वजनात 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे मी रोज पहाटे वाघ्याला नव्हे, वाघाची न्याहारीच साखळीला बांधून फिरवत होतो.

कारखानेही त्याला वर्ज्य नाहीत. मार्च 2022 मध्ये चाकणच्या मर्सिडीझ-बेंझच्या मोटार कारखान्यात बिबट्या शिरला. कामगारांना बाहेर काढले. वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस संस्थेच्या लोकांनी काही तासांनी त्याला बेशुद्ध करून सुखरूप धरले. गर्दी आत घुसली नाही, म्हणून ते जमले.

आमच्या वाडीत पिंजरा लागला नाही. काही जण अजून माझ्यावर रागावलेले आहेत. ज्यांच्या शेळ्या गेल्या, त्यांचा राग मी समजू शकतो. पंचनामा करून सरकार भरपाई देते, पण तिला वेळ लागतो आणि दूध आजच लागते. कोंबडीवाल्याची घाण उघड्यावर पडत होती, तिच्यावर वीस-वीस कुत्री जमत. ती बंद करवली. बसचा थांबा दिव्याखाली आणवला. बायका आता पाच-सहा जणी मिळून जातात, मोबाइलवर अभंग लावून. वनखात्याचा 1926 हा आकडा देवळाच्या भिंतीवर रंगवला. तो रंगवला आपल्याच वर्गातल्या एका बाईने.

वाघ्या रात्री घरात झोपतो. आम्ही आता उजाडल्यावरच फिरायला निघतो. गेल्या आठवड्यात चिखलात पंजा उमटलेला दिसला. वाघ्याने तो हुंगला आणि माझ्याकडे पाहिले. मी साखळी आवळली आणि आम्ही दोघे घराकडे वळलो.