दप्तराचे वजन आणि मुलांची पाठ



‘दप्तर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि राज्यकारभारात रुजला. पेशवे दप्तर म्हणजे राज्यकारभाराच्या कागदपत्रांचा संग्रह. हाच शब्द शाळकरी मुलाच्या खांद्यावर कसा येऊन बसला, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे. पण आज पाचवीतल्या मुलाची पिशवी सकाळी उचलून पाहिली, तर त्यात खरोखरच एखादी कचेरी भरली असावी असे वाटते.

या प्रश्नाला संसदेत वाचा फोडली ती एका कादंबरीकाराने. ‘मालगुडी’चे जनक आर. के. नारायण राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. १९८९ मध्ये त्यांनी सभागृहात शाळकरी मुलांच्या पाठीवरच्या भाराचा विषय मांडला. पुढे केंद्र सरकारने प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. बालपणाला वाचा देणाऱ्या लेखकाला राज्यसभेत हाच विषय महत्त्वाचा वाटला, ही गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे.

पाठीवर भार आला की शरीराचा तोल मागे जातो. तो सावरण्यासाठी मूल कमरेतून पुढे झुकते आणि समोर पाहण्यासाठी मान वर उचलते. मान, खांदे व कंबर यांचे स्नायू मग सतत ताणलेले राहतात. त्यातून दुखणे आणि थकवा येतो. एकाच खांद्यावर पिशवी अडकवली तर शरीर एका बाजूला कलते. अरुंद पट्टे खांद्यात रुततात आणि हाताला मुंग्या येतात. जिन्यात तोल जाण्याचा धोका वेगळाच. जड दप्तराने पाठीच्या कण्याला कायमचा बाक येतो, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. तसा ठोस पुरावा नाही. परंतु रोज संध्याकाळी पाठ दुखणाऱ्या मुलाकडे लक्ष देण्यासाठी कण्याला बाक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

२०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. तिसरीतल्या एखाद्या मुलीचे वजन २२ किलो असेल, तर तिची मर्यादा २ किलो २०० ग्रॅम. आता हिशेब करावा. समजा, रिकामी पिशवी ७०० ग्रॅमची आहे, पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली १ किलो १०० ग्रॅमची आणि डबा ४०० ग्रॅमचा. एकही पुस्तक ठेवण्यापूर्वीच मर्यादा संपली! म्हणून दप्तराच्या प्रश्नाचा पहिला उपाय पुस्तकांत नसून शाळेतल्या पाण्याच्या नळात आहे. नळाचे पाणी स्वच्छ आहे, असा पालकांचा विश्वास बसला की बाटली लहान होते. हा विश्वास मिळवणे शाळेचे काम आहे.

उरलेल्या वजनाचे मूळ बहुधा भीतीत असते. वही विसरली तर वर्गात उभे राहावे लागेल, या धास्तीने मूल वेळापत्रक न पाहता सगळीच पुस्तके भरते, आणि आईही ‘असू दे, लागेल’ म्हणून त्यात एक वही सरकवते. चित्रांची, कोऱ्या पानांची, मागच्या वर्षीची अशा वह्या महिनोन्‌महिने तळाशी पडून राहतात. विसरलेल्या वहीची शिक्षा बंद झाली, तर दप्तर आपोआप हलके होईल. यशपाल समितीचे म्हणणेही याच दिशेचे होते: पाठीवरच्या भारापेक्षा न समजता गिळलेल्या अभ्यासाचा भार अधिक घातक.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांची अडचण थोडी निराळी. येथील मुलांना मराठी, हिंदी, इंग्रजी आणि राज्यभाषा वेगळी असेल तर तीही शिकावी लागते. प्रत्येक भाषेचे पाठ्यपुस्तक, वही, व्याकरण, निबंधाची वही असा संसार चौपट होतो. या भाषा मुलांनी सोडाव्यात असे कोणी म्हणणार नाही. तीच तर या शाळांची श्रीमंती आहे. पण चारही भाषांचे तास एकाच दिवशी लावण्याची गरज नाही. दोन भाषा एका दिवशी, दोन दुसऱ्या दिवशी, एवढा बदल वेळापत्रकात झाला तरी पुष्कळ भार उतरतो. व्याकरणाची पुस्तके वर्गातल्या कपाटात राहू शकतात. ज्या माजी विद्यार्थ्यांना हीरक महोत्सवानिमित्त शाळेला काही द्यावेसे वाटते, त्यांनी नामफलकाऐवजी अशी कपाटे द्यावीत.

घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत. पिशवी मुलाच्या पाठीच्या मापाची घ्यावी. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठी घेऊ नये. पट्टे रुंद व गादीचे असावेत आणि दोन्ही खांद्यांवर घ्यावेत. जड पुस्तक पाठीलगत ठेवावे आणि पिशवी कमरेखाली लोंबू देऊ नये. चाकांची पिशवी सोयीची वाटते, पण जिन्यावर ती उचलावीच लागते. शनिवारी पिशवी पालथी करावी, आणि ते काम मुलानेच करावे.