ऐकणाऱ्याचं माप



गंगाखेड हे जनाबाईचं गाव. दळता-कांडता ती जे बोलली, ते सातशे वर्षं मराठी माणसाच्या तोंडी राहिलं. माझी आई आणि चुलती पहाटे जात्यावर समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचा हात. एकीनं ओवी उचलली की दुसरी तिचा दम ओळखून साथ द्यायची. दम सरला की ओळही सरायची. दुसऱ्याच्या दमानं बोलणं मी तिथं पाहिलं.

माझा जन्म शेतीविस्ताराच्या नोकरीत गेला. 1972 साली परभणीत कृषी विद्यापीठ झालं. तिथं ठरलेलं गावात नेऊन सांगायचं, हे आमचं काम. नवखा असताना जिंतूर तालुक्यातल्या एका पारावर मी तणनाशकाचं प्रमाण वाचून दाखवलं. प्रमाण हेक्टरी होतं. ऐकणारे एकरात मोजणारे. हेक्टर म्हणजे अडीच एकर. एकानं तेवढं औषध एका एकरावर मारलं आणि त्याचं सोयाबीन करपलं. मी बांधावर गेलो तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं म्या." त्यानं नीट ऐकलं होतं. मी नीट सांगितलं नव्हतं. पुढच्या सगळ्या नोकरीत ते वाक्य माझ्या मागं उभं होतं.

आजही फवारणीचा सल्ला येतो तो दहा लिटर पाण्याला अमुक मिली असा. पाठीवरचा पंप असतो पंधरा-सोळा लिटरचा, आणि हातातलं माप म्हणजे बाटलीचं टोपण. या तिन्हींचा हिशोब वाऱ्यात, बांधावर, घामेजल्या हातानं करायचा. बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी. नजरेत भरतो तो फक्त रंगीत त्रिकोण: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यांत जहाल, हे किती मजुरांना कुणी सांगितलं? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. कारणं अनेक होती. पण धोका त्या माणसांना कळेल असा सांगितला गेला नव्हता, हे त्यातलं एक कारण आहे असं मी मानतो, आणि ते आपल्या सगळ्यांचं अपयश आहे.

पेरणीचंही तसंच. सल्ला सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेतकरी विचारतो, ओल किती गेली? तो कुदळीनं खणून वीत लावतो, माती मुठीत दाबून बघतो. पुढं मी कागद खिशात ठेवून आधी रान खणायला शिकलो. मग बोलणं आपोआप जुळायचं.

कागदाचं दुखणं आपल्या मराठवाड्याला जुनं आहे. 1948 पर्यंत, निजामाच्या राजवटीत, इथला सरकारी कारभार उर्दूत चालला. बी. रघुनाथांनी त्या राजवटीत बांधकाम खात्यात नोकरी केली आणि कविता, कादंबरी मराठीत लिहिली. 2023 साली मराठा आरक्षणासाठी सरकार जुन्या कुणबी नोंदी शोधायला निघालं, तेव्हा दप्तरांतली मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हुडकावी लागली. आजोबांचा कागद नातवाला वाचता येत नव्हता.

आता कागद मराठीत आहे. तरी अडतंच. पीकविम्यात अनेक वर्षं नियम होता की पाण्यानं पीक गेलं तर 72 तासांत कळवा. त्या कळवण्याला शब्द वापरला 'पूर्वसूचना'. पीक तर वाहून गेलेलं! एका म्हातारबाबांनी मला विचारलं, "आधी कसं सांगू बापा, पाणी येणार म्हून?" ओढ्याला पूर, लाईट गेलेली, मोबाइल बंद, आणि वर हा शब्द. तो पाहिला की मला अजून संताप येतो. कुणी एकानं तरी तो आधी बांधावर मोठ्यानं वाचून पाहायला हवा होता.

चांगलंही घडतंय. मोबाइलवर आवाज धाडता येऊ लागला आणि लिहिता न येणाऱ्या आयाबाया पुण्यातल्या लेकरांशी आपल्या बोलीत भरभरून बोलू लागल्या. आसाराम लोमटे, इंद्रजित भालेराव यांनी ही बोली पुस्तकात नेली. लोमट्यांच्या 'आलोक'ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आता ही बोली अर्जात, नोटिशीत, औषधाच्या चिठ्ठीत जायला हवी. म्हणून माझी इथल्या लिहित्या माणसांना विनंती आहे: जवळच्या एका कचेरीतला एक अर्ज घ्या आणि गावातल्या माणसाजवळ बसून तो पुन्हा लिहा.

मागच्या साली एका दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो. शेजारच्या बाईच्या पोराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. संमतीपत्र हातात, आणि ती गप्प. सिस्टर आली, तिच्याजवळ टेकली. जुन्या केसपेपरच्या पाठीवर तिनं पोट काढलं, कुठं चिरणार ते दाखवलं, टाके किती दिवसांनी निघतील ते सांगितलं, जिवाला किती धोका तेही लपवलं नाही. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् भाकर कवा खाईल ते?"

सिस्टरनं दिवस बोटांवर मोजून दाखवले. बाईनं तेच दिवस आपल्या बोटांवर पुन्हा मोजले, आणि मग अंगठा शाईला लावला.