जू आणि विसावा



कान्होराज पाठकांच्या या केंदुरात ख्रिस्ती श्रद्धेतल्या विसाव्याविषयी बोलायचे, तर उदाहरणासाठी दूर जायला नको. शेजारच्या दौंड तालुक्यातले केडगाव पुरे आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. मुलींचे शिक्षण, पैशाची विवंचना, वर लोकांचा संशय. बाईंना उसंत कुठली? आणि तरी १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला धर्म गवसला होता, ख्रिस्त गवसला नव्हता. ही कबुली मला फार मोलाची वाटते. हातून सत्कार्य घडत होते, पण मन निवले नव्हते. सत्कार्याने शीण आपोआप जातो, अशी आपली भाबडी समजूत असते!

मन निवल्यावर बाईंनी काम सोडले काय? छे! १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली आणल्या, केडगावी मुक्ती सदन वाढवले, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणू लागल्या.

येशूने भागलेल्यांना विसाव्यासाठी बोलावले आणि लगेच आपले जू घ्यायला सांगितले. कचेरीत बसणाऱ्याला हे कोडे वाटेल, औत धरणाऱ्याला नाही. जू नीट बसले नाही की बैलाचा खांदा सोलतो. शिवाय जुवाला जोडीदार लागतो. रमाबाईंचे ओझे कमी झाले नाही. एकटीने ओढणे तेवढे संपले.

१९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या. त्यांचे बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले.