कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘कायदा, हक्क आणि सामाजिक न्याय’ या विषयावर आम्ही दोन शब्द बोलावेत, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही वकील नव्हे, प्राध्यापकही नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील एक कारकून आहोत. तेव्हा कलमांचा कीस न पाडता, जे वाचले आणि जे भोगले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

बँकेच्या काउंटरवर आम्ही एक गोष्ट शिकलो. खातेदाराने दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही, तर त्याचे खाते निष्क्रिय होते. पैसे बुडत नाहीत, ते त्याचेच असतात. पण गरजेच्या वेळी काढायला आला, की ओळखीचे पुरावे द्या, अर्ज लिहा, सही जुळवा, असे सारे सोपस्कार करावे लागतात. हक्कांचेही असेच आहे. हक्क मिळाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. तो वापरावा लागतो आणि राखावाही लागतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे महाड. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. परंतु त्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले, याकडे आपले लक्ष कमी जाते.

१९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क मिळाला! पण तळ्याच्या काठावर काहीच बदलले नाही. तीन वर्षे तो हक्क नगरपालिकेच्या दप्तरात पडून राहिला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या ओंजळीने कागदावरचा हक्क हातात आला. त्याची किंमत त्याच दिवशी मोजावी लागली. परिषदेहून परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तोच स्पृश्य मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. लोक दुरून आले होते, जेलमध्ये जायची तयारी ठेवून आले होते. पण कोर्टाचा हुकूम आहे, हे पाहून सत्याग्रह तहकूब करण्यात आला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा प्रश्न मात्र कोर्टात लढायचे ठरले. ज्याने अन्याय सोसला त्यानेच कोर्टाचा मान राखला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

तो दावा किती वर्षे चालला? फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. १९३१ साली खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. १९३३ साली ठाण्याला अपील फेटाळले गेले. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अखेरचा निकाल दिला. पाणी प्यायला लागला एक क्षण; तो हक्क कायम व्हायला लागली दहा वर्षे!

आणि तो निकाल कशावर लागला? माणूस म्हणून सर्व समान, या तत्त्वावर नव्हे. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. ते त्यांना सिद्ध करता आले नाही. म्हणजे पुराव्यावर निकाल लागला. समानतेचे तत्त्व कायद्यात यायला राज्यघटनाच यावी लागली. घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तो वाचताना आम्हांस तरी महाडचे तळेच दिसते. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा, पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ही त्याच वाटेवरची पुढची पावले.

आता थोडे आमच्याविषयी. हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो, पण सांगणे कर्तव्य आहे.

आमच्या मूळ गावी आपल्या समाजातील एका कुटुंबाच्या शेताकडे जाणारी जुनी वहिवाटीची वाट शेजारच्याने नांगरून टाकली आणि काटेरी कुंपण घातले. घरातले वडीलधारे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, आमच्याकडे आले. म्हणाले, “बाळा, तू शिकलेला. अर्ज लिहून दे.” आम्ही अर्ज लिहिला नाही. “नाना, गावात राहायचंय, वाकडं कशाला घेता? सरपंचांसमोर बसून मिटवा,” असे आम्हीच सांगितले. बैठक झाली. “पीक निघाल्यावर वाट देतो,” असा तोंडी शब्द मिळाला. कागद कोणीच केला नाही.

पीक निघाले, वाट मिळाली नाही. मग आम्ही तहसील कचेरीत गेलो. तेथे कळले, की मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली तहसीलदारांना अशी वाट मोकळी करून देता येते; पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. आमचे आठ महिने उलटले होते. राहिला दिवाणी दावा. त्याला वर्षे लागतात, हे महाडने शिकविलेच आहे. नानांकडे तेवढी वर्षे नव्हती आणि पैसाही नव्हता. शेत दोन वर्षे पडीक राहिले. शेवटी ते ज्याने वाट अडविली होती त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने विकले गेले. नानांनी आम्हांला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच अधिक टोचते.

मित्रहो, तडजोड वाईट नव्हे. पण ती लेखी हवी, तारखेची हवी आणि मुदतीच्या आत हवी. आमच्या भित्रेपणाला आम्ही शहाणपण समजलो, ही आमची चूक.

म्हणून विद्यार्थ्यांना काही गोष्टी सांगतो. पोलिसांत दिलेल्या फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्या. तोंडी सांगितलेली फिर्याद सहीपूर्वी वाचून दाखविणे हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. जमिनीच्या वा पाण्याच्या उपभोगात जातीमुळे अडथळा आणणे हाही त्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. अनुसूचित जाती-जमातींना, तसेच स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करा. ठरावाची नक्कल हवी असल्यास २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. अर्ज दिला, की पोच घ्या आणि तारीख टिपून ठेवा.

आपल्या वस्तीत अर्ज लिहून देणारा एक विद्यार्थी असला, तरी एखाद्या नानांचे शेत वाचेल. मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी विहारात ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. त्या संध्याकाळी टेबलाशी बसायला आम्ही तयार आहोत. उशिरा का होईना, तो राहिलेला अर्ज आम्हांला लिहायचा आहे.

 नमो बुद्धाय! जय भीम!