पावतीचे टपाल, बिनपावतीचे टपाल



खडकी बाजारात भाजी घेऊन फोनवरून पैसे दिले, तर ते पैन्‌पै पोचतात. त्याच फोनवरून न्यूयॉर्कला असलेल्या लेकीशी बोलायला जावं, तर मधेच एखादं अक्षर गळतं. फोन एकच, जाळंही तेच. मग एक काम इतकं काटेकोर आणि दुसरं असं धसमुसळं का?

याचं कारण असं, की इंटरनेटवर टपाल पाठविण्याच्या दोन रीती आहेत. मुळात हे जाळे फार थोडी जबाबदारी घेते. आपल्या मजकुराचे लहान लहान तुकडे करून ते जमतील तसे पोचविते. एखादा तुकडा हरवतो, एखादा मागून निघून आधी पोचतो. या गोंधळाला शिस्त लावणाऱ्या नियमावलीस 'टीसीपी' म्हणतात. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली तिची कल्पना मांडली. मजकुराला क्रमांक घालायचे, पलीकडून पोचपावती घ्यायची, वेळेत पावती आली नाही तर तो तुकडा पुन्हा धाडायचा. ई-मेल आणि बँकेचे व्यवहार सामान्यतः याच रीतीने चालतात.

दुसरी रीत 'यूडीपी'. जॉन पोस्टेल यांनी १९८० साली ती अवघ्या तीन पानांत लिहिली. हिच्यात पावती नाही, फेरपाठवणी नाही. तुकडा टाकला की काम संपले! तुम्ही म्हणाल, असली बेफिकिरी कशाला हवी? तर हिशेब पाहा. पुणे ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच निदान अष्टमांश सेकंद हवा. हरवलेलं अक्षर परत मागवून येईपर्यंत लेक पुढचं वाक्य बोलून गेलेली असते. शिळं अक्षर घेऊन करायचं काय? म्हणून संभाषणाला सहसा यूडीपी. साठवलेला चित्रपट मात्र थोडा आधीच उतरवून ठेवता येतो. त्याला पावतीची रीत परवडते.

हल्ली या दोहोंची सांगडही घातली जाते. २०२१ साली प्रमाण ठरलेली 'क्विक' ही पद्धत यूडीपीवरच स्वार होऊन पावत्यांचा हिशेब स्वतः ठेवते. अनेक संकेतस्थळे आज तिच्यावर चालतात.

आता यातलं एक शहाणपण आपल्या गाठीला बांधण्यासारखं आहे. पावती आली नाही, याचा अर्थ टपाल पोचलं नाही, असा होत नाही. कदाचित पावतीच वाटेत हरवली असेल! टीसीपी हे जाणते. ती तुकडा पुन्हा पाठविते, पण क्रमांक तोच ठेवून. पलीकडचा दुबार तुकडा ओळखून टाकून देतो. आपण मात्र 'पैसे पोचले' अशी खूण दिसली नाही, की घाईने पुन्हा पैसे देतो. तो नवा व्यवहार, त्याला नवा क्रमांक. बँकेला तो दुबार वाटत नाही. तेव्हा आधी व्यवहाराची नोंद आणि खात्यातली शिल्लक पाहावी, मगच दुसऱ्यांदा हात घालावा.

आमचं हे नभोवाणीचं बोलणंही बिनपावतीचंच. खरखरीत एखादा शब्द बुडाला, तर पुढच्या वाक्यावरून तुम्ही तो जुळवून घेता. पैशाचा आकडा असा अंदाजानं जुळवता येत नाही. त्याला पावतीच लागते.