सिस्टर, तुम्ही या कामात समाधानी आहात का?

(शहापूर येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

नर्स आपल्या पेशात समाधानी असतात का, आणि असल्या-नसल्या तर कशामुळे, असा विषय आयोजकांनी मला दिलाय. मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत २८ वर्षं हे काम केलं. आधी उपकेंद्रात एएनएम होते, मग जीएनएम करून रुग्णालयात आले. आज समोर बारावीच्या आणि कॉलेजच्या मुली बसल्यात, काही मुलगेही आहेत. मागे काही अम्मी-अब्बा दिसतायत. तुमच्यापैकी कुणी या पेशाचा विचार करत असेल, तर त्यांच्यासाठी मी सरळच बोलते.

उत्तर आधी सांगून टाकते. माझ्या ओळखीच्या बहुतेक नर्सना आपलं काम आवडतं, पण आपली नोकरी आवडत नाही. काम आणि नोकरी हे दोन शब्द आज वेगळे धरा. आपल्याकडे सगळा घोळ हे दोन एकच समजल्यामुळे होतो.

ही माझ्या एकटीच्या मनातली गोष्ट नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी दोनशेच्या आसपास अभियंते आणि हिशेबनीस यांना दोन साधे प्रश्न विचारले होते: नोकरीत फार बरं कधी वाटलं, आणि फार वाईट कधी वाटलं? त्यावरचं पुस्तक १९५९ मध्ये आलं. त्यात दिसलं असं, की बरं वाटण्याची कारणं कामाच्या आतली असतात. काहीतरी जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. वाईट वाटण्याची कारणं कामाच्या भोवतालची असतात: नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, बसायची-राहायची सोय. गळकं छप्पर दुरुस्त केलं तर तक्रार जाते, पण त्याने कामात आनंद येत नाही. आणि कामात कितीही आनंद असला तरी छप्पर गळायचं थांबत नाही. नर्सच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडतं.

आधी आनंदाची बाजू सांगते.

शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं आहेत. त्यांचं पाणी मुंबई पिते. याच तालुक्यातल्या काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि पावसाळ्यात कळा सुरू झालेल्या बाईला झोळीत घालून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावं लागतं. या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मुरबाडकडे टोकावडे, मोरोशी, थेट माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंतचा भाग. तिकडे अजून रेल्वे नाही. १०८ ची गाडी २०१४ पासून सुरू झाली, त्याने खूप फरक पडला. पण केस हाताबाहेर गेली तर उल्हासनगर, कळवा किंवा ठाणे, आणि मध्ये घाटरस्ते, खड्डे, कल्याणची गर्दी.

अशा ठिकाणी रात्री बाळंतपण येतं, तेव्हा नर्स काय करते? लोकांना वाटतं, ती डॉक्टरांच्या हाताखाली सामान देते. प्रत्यक्षात रात्रभर बाईजवळ बसलेली असते ती नर्स. ती दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजते, आईची नाडी बघते, आणि पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर एकेक खूण करत जाते. त्या तक्त्यावर एक रेषा असते. बाळंतपणाची गती त्या रेषेच्या पलीकडे सरकली, तर वाट बघायची नसते, पुढे पाठवायची तयारी करायची असते. बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट झालंय का ते बघणं, बाळाला पुसून आईच्या अंगाशी देणं, तासाभरात दूध. यातली एक पायरी चुकली तर रक्तस्राव होऊन बाई हातची जाऊ शकते. सगळं नीट झालं, तर सकाळी ती बाई उठून चहा मागते. नर्सला त्या चहाचं किती अप्रूप असतं, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही.

दुसरं उदाहरण वीटभट्टीचं. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. बाळाला लस द्यायची असते सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला, गोवर-रुबेलाची नऊ महिने झाल्यावर. आणि बाळ तर भट्टीवर. मग नर्स मुकादमाचा नंबर शोधते, तिकडच्या नर्सला कळवते, आईच्या हातात कार्ड देऊन बजावते की हे पिशवीत जपून ठेव. पावसाच्या तोंडावर ते कुटुंब परत येतं. कार्ड उघडल्यावर सगळे रकाने भरलेले दिसले, की त्या दिवशी आपण कामाला आलो याचं सार्थक वाटतं. याला टाळ्या नाहीत, फोटो नाही. पण आपण होतो म्हणून हे झालं, ही खात्री असते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. माझं नाव मुसलमानी आहे हे प्रत्येक पाड्यावर माहीत होतं. मला हाक मात्र एकच होती, नर्सबाई. घरातल्या माणसाला न सांगितलेल्या गोष्टी बायका माझ्याजवळ बोलायच्या. असा विश्वास मिळवून देणारे पेशे फार थोडे आहेत.

आता नोकरीची बाजू.

नियम म्हणतो, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, सपाट भागात ५,००० ला. कागदावर आकडा बरा दिसतो. पण आपल्याकडे ३,००० माणसं एका गावात राहत नाहीत, ती पाड्यापाड्यांत विखुरलेली असतात आणि दोन पाड्यांच्या मध्ये ओढा असतो. त्यात एखादं पद रिकामं राहिलं, की शेजारच्या उपकेंद्राचा भार आपल्यावर. वर रजिस्टरं, आणि आता मोबाइलमधली माहिती. तीच नोंद वहीत करायची आणि अ‍ॅपमध्येही करायची. डोंगरात रेंज नसते, म्हणून संध्याकाळी रस्त्यावर येऊन उभं राहायचं. दिवसभर पेशंट बघून दमलेल्या नर्सपेक्षा दिवसभर नोंदी करून दमलेली नर्स जास्त चिडलेली असते, हे मी स्वतः पाहिलंय.

राहायची सोय हा दुसरा मुद्दा. मी जिथे सुरुवात केली त्या उपकेंद्राचं नाव घेत नाही. क्वार्टरच्या दाराला आतून कडी नव्हती आणि पाणी बाहेरून आणावं लागे. मुख्यालयी राहा असा आदेश मात्र नियमित यायचा.

तिसरा मुद्दा कंत्राटाचा. कायम नोकरीत एएनएमचं मूळ वेतन २५,५०० पासून आणि रुग्णालयातल्या स्टाफ नर्सचं ३५,४०० पासून सुरू होतं, वर भत्ते. शेजारच्या खाटेजवळ तेच काम करणारी कंत्राटी सिस्टर याच्या बऱ्याच खाली असते, आणि दर वर्षी नेमणूक पुढे चालू राहील का, याची तिला काळजी. करोनात ज्या कंत्राटी नर्स घेतल्या, त्यांना लोकांनी देवदूत म्हटलं. लाट ओसरल्यावर अनेकींची नेमणूक संपली. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या सरकारी नर्स काम बंद करून रस्त्यावर आल्या, ते भरती बाहेरच्या कंपन्यांमार्फत करण्याच्या विरोधात. खासगीतलं चित्र आणखी अवघड. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. आपल्या आसपासच्या छोट्या नर्सिंग होममधल्या मुलींना जाऊन विचारा, त्यांच्या हातात किती पडतात.

यावर आपण काय उत्तर देतो? तुमचं काम म्हणजे सेवा आहे, पुण्याचं काम आहे, सवाब मिळेल. १२ मे ला नर्स दिन असतो, त्या दिवशी गुलाबाचं फूल देतो. माझी तक्रार फुलाबद्दल नाही. दाराची कडी मागणाऱ्या बाईला सेवेचं महत्त्व सांगितलं जातं, त्याबद्दल आहे.

केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलताना एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर हल्ला केला. त्या कधीच बऱ्या झाल्या नाहीत. १८ मे २०१५ ला वारल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिनेही सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला त्यांनी बेडसोर होऊ दिले नाहीत, याची नोंद सुप्रीम कोर्टाने केली. कामावरची निष्ठा याहून मोठी काय असणार? पण एका नर्सला कपडे बदलायला तळघरात का जावं लागत होतं, हा प्रश्न त्या निष्ठेने सुटत नाही. तो रुग्णालयाने सोडवायचा असतो.

आता पालकांसाठी थोडं. आपल्या घरांत मुलगी म्हणाली की नर्सिंग करते, तर तीन हरकती येतात. रात्रपाळी, परपुरुषाला हात लावणं, आणि लग्नाचं कसं होणार. शुश्रूषेची परंपरा आपल्याला परकी नाही. मदिनेत मशिदीजवळच्या तंबूत जखमींची मलमपट्टी करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आपल्या इतिहासात आदराने घेतलं जातं. आपल्या सुनेचं बाळंतपण असलं की आपणच विचारतो, लेडीज आहे ना? ती लेडीज कुणाची तरी मुलगी असते आणि रात्रपाळीला आलेली असते. रात्रपाळीची काळजी रास्त आहे. पण मुलीला घरात बसवून ती मिटत नाही. तिला सोडायला-आणायला कोण जाईल हे ठरवा, ड्यूटीरूमला कडी आहे का ते विचारा. आणि मुलग्यांनो, हा पेशा तुमच्यासाठीही आहे. वॉर्डात ब्रदर लागतात.

ज्यांना यायचंय त्यांनी एवढं बघा. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. बी.एस्सी.ला बारावी विज्ञान लागतं आणि प्रवेश परीक्षा असते. कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर ते प्रमाणपत्र घरात लावायच्या कामाचं. नोकरी घेताना पगार, पाळी, एका नर्सकडे किती खाटा, राहायची सोय, हे चार प्रश्न लाजू नका, विचारा. हे प्रश्न विचारणारी मुलगी कमी सेवाभावी ठरत नाही.

आणि ज्यांना नर्स व्हायचं नाही, त्यांनाही काम आहे. पेशंटबरोबर दहा जण वॉर्डात घुसू नका. डॉक्टर-नर्सवर हात उगारणं हा २०१० च्या राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना सांगा. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एवढंच विचारा: आपल्या उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये पाणी आहे का, लाईट आहे का, दाराला कडी आहे का? गावाच्या आरोग्य समितीचा निधी असतो, तो कशावर खर्च झाला? उत्तर मिळालं नाही तर त्याच्या पुढच्या सभेत परत विचारा. नर्सला कामातला आनंद तिच्या पेशंटकडून मिळत राहील, त्याची चिंता करू नका. कडी तेवढी तुम्ही बसवून घ्या.

 आता तुम्ही विचारा.