पोटातील धमनीचा फुगा : पोट न फाडता उपचार
(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



अल्बर्ट आइनस्टाइन हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचा मृत्यू कशाने झाला, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्या पोटातील मुख्य रक्तवाहिनीला फुगा आला होता. १९४८ साली शल्यचिकित्सक रुडॉल्फ निसेन यांनी पोट उघडून तो पाहिला. तो कापून काढण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून त्यांनी त्याभोवती सेलोफेन गुंडाळले. एप्रिल १९५५ मध्ये तो फुगा फुटला आणि आइनस्टाइन गेले.

हा फुगा म्हणजे काय? हृदयातून निघालेली महारोहिणी पोटातून खाली जाते. तिथे तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. भिंत कमजोर झाली की ती सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी एका ठिकाणी फुगते. रुंदी ३ सेंटिमीटर झाली की डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांमध्ये ती ५.५ सेंटिमीटरवर गेली की सहसा शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. हा फुगा बहुधा दुखत नाही, खुपत नाही. फुटला, तर मात्र अनेक रुग्ण दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच दगावतात.

१९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तेथे मृत व्यक्तीच्या रोहिणीचा तुकडा जोडला. पुढे कृत्रिम कापडाच्या नळ्या आल्या. पण ही शस्त्रक्रिया मोठी. वृद्ध आणि हृदयरोग्यांना ती झेपत नसे. १९८७ साली खारकिव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतील महारोहिणीत आतून नळी बसवली. सप्टेंबर १९९० मध्ये ब्युनॉस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी पोटातील फुग्यावर तोच मार्ग वापरला.

यात पोट फाडत नाहीत. आधी सी. टी. स्कॅनवर मापे घेतात. मग जांघेतील रोहिणीतून मिटलेली नळी वर सरकवतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ती उघडतात. ही नळी कापडाची असून तिला धातूच्या जाळीचा आधार असतो. तिची टोके फुग्याच्या वर आणि खाली घट्ट बसतात. रक्त नळीतून वाहते, फुग्यावरचा दाब कमी होतो.

ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पोट उघडलेल्यांपैकी ४.७ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. नळी बसवलेल्यांपैकी १.७ टक्के. पण मित्रांनो, एवढ्यावर हुरळून जाऊ नका. त्याच रुग्णांना पुढे अनेक वर्षे तपासले, तेव्हा हा फायदा टिकलेला दिसला नाही. नळी सरकू शकते, कडेने रक्त झिरपू शकते. म्हणून ही नळी बसवलेल्याने आयुष्यभर ठरावीक मुदतीने तपासणी करून घेतलीच पाहिजे. "आता बरे वाटते" म्हणून ती टाळणे धोक्याचे आहे.

या रोगाचे मोठे कारण धूम्रपान आहे. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषांना पोटाच्या सोनोग्राफीसाठी बोलावले जाते. त्यात सुई नाही, वेदना नाही, पण लपलेला फुगा दिसतो. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी आयुष्यभर विडी ओढलेले वडील किंवा आजोबा असतील, तर डॉक्टरांना विचारून त्यांची ही तपासणी एकदा करून घ्या. आइनस्टाइनच्या काळात हा मार्ग नव्हता, आज आहे. तो माहीत असूनही आपण गप्प बसलो, तर दोष आपला.